जमिनीखालची जागा कोणाची?

रॉटरडॅम बंदराच्या दक्षिणेस बारेंड्रेख्त नावाचे सुमारे पंचेचाळीस हजार वस्तीचे एक डच गाव आहे. तेथील माणसे क्रांतिकारक म्हणून प्रसिद्ध नाहीत. नोकरदार, दुकानदार, हप्त्यांवर घर घेतलेली कुटुंबे, असा सारा मध्यमवर्गीय संसार. परंतु शेल ही बलाढ्य तेल कंपनी आणि तिच्या पाठीशी उभे असलेले स्वतःचेच केंद्र सरकार, या दोघांनाही या गावाने ४ नोव्हेंबर २०१० रोजी माघार घ्यावयास लावली. शेलला आपल्या पर्निस येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, या गावाच्या पोटात पुरावयाचा होता. गावाने तो पुरू दिला नाही.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण असे की, तिची पहिली प्रकरणे आता भारतात लिहिली जाऊ लागली आहेत. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बवायू पकडून त्याचा वापर करण्यासंबंधी व तो साठविण्यासंबंधी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्यात देशाच्या भूगर्भात सुमारे ४०० ते ६०० अब्ज टन वायू मावू शकेल असा अंदाज असून त्यापैकी ९७ ते ३१६ अब्ज टनांची जागा बेसॉल्ट खडकात, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, दाखविली आहे. (ज्या अंदाजाची वरची बाजू खालच्या बाजूच्या तिपटीहून अधिक आहे, त्याला अंदाज म्हणावे की अटकळ, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) २०२५ मध्ये एनटीपीसीने झारखंडातील पकरी बरवाडीह कोळसा खाणीच्या क्षेत्रात वायुसाठवणीची देशातील पहिली चाचणी विहीर खोदावयास घेतली. साठवणीविषयी स्वतंत्र कायदा मात्र देशात झालेला नाही. आधी विहीर आणि मागून कायदा, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

प्रथम या तंत्राविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. जमिनीखाली आठशे मीटरहून अधिक खोल गेल्यावर तेथील दाबामुळे कर्बवायू द्रवासारखा दाट होतो. वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकात तो दाबून भरला आणि त्या खडकावर झाकणासारखा अभेद्य थर असला, तर तो तेथेच राहतो. ज्या खडकांनी नैसर्गिक वायू लक्षावधी वर्षे सांभाळला, ते हाही सांभाळू शकतात. ही काही भाकडकथा नव्हे. नॉर्वेने समुद्रातील स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६ पासून दरसाल सुमारे दहा लाख टनांपर्यंत कर्बवायू समुद्रतळाखाली सोडला. मात्र तेथील कंपनीस ही सद्बुद्धी सुचली ती १९९१ मध्ये नॉर्वे सरकारने कर्बवायूवर कर बसविला म्हणून. वायू हवेत सोडण्यापेक्षा पुरणे स्वस्त पडू लागले, तेव्हा तो पुरला गेला. विज्ञानाने मार्ग दाखविला आणि कायद्याने चालावयास लावले. या दोहोंपैकी एकच पुरेसे असते असे मानणाऱ्यांनी स्लाइप्नरची ही अर्धी बाजू विसरू नये.

म्हणजे प्रश्न वायू जमिनीखाली राहील की नाही एवढाच नाही. तो कोणाच्या जमिनीखाली ठेवावयाचा, ती जागा कोणी निवडावयाची, आणि ठेवणारी कंपनी निघून गेल्यावर राखण कोणी करावयाची, हे खरे प्रश्न आहेत. ते भूगर्भशास्त्राचे नव्हेत. बारेंड्रेख्तच्या लोकांना हे फार लवकर उमगले.

तेथे घडले ते असे. हवामानबदलाविरुद्ध काहीतरी करून दाखविण्याच्या घाईत असलेल्या डच सरकारने २००७ मध्ये निविदा मागविल्या. जी कंपनी वायू पुरून दाखवील तिला तीन कोटी युरोंचे अनुदान मिळावयाचे होते. शेलने बारेंड्रेख्तखालची, नैसर्गिक वायू काढून रिकामी होत चाललेली दोन क्षेत्रे पुढे केली. कारखाना जवळ, सतरा-एक किलोमीटरची नळवाहिनी टाकली की काम झाले. वर्षाला चार लाख टन, एकूण सुमारे एक कोटी टन. हिशेब चोख होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे त्या क्षेत्रांच्या वर घरे होती, शाळा होत्या. देशातील सर्वांत योग्य जागा कोणती, हे सरकारने आधी ठरविले आणि मग कंपनीस तेथे बोलाविले, असे झाले नाही. जागा कंपनीने निवडली व तिचे समर्थन करण्याचे काम सरकारच्या वाट्यास आले. नियंत्रक हा अशा रीतीने पहिल्याच दिवशी वकील झाला.

२००८ च्या आरंभी लोकांच्या सभा झाल्या. कंपनीचे अधिकारी नकाशे घेऊन आले आणि धोका किती नगण्य आहे ते समजावून सांगू लागले. लोकांनी विचारलेले प्रश्न मात्र नकाशात बसणारे नव्हते. घरांच्या किमती उतरल्या तर भरपाई कोण देणार? समुद्राखाली जागा असता गावाखालीच का? सरकारच्या अनुदानाने होणारा प्रयोग वस्तीवर का? कंपनीच उद्या राहिली नाही तर? गावाने यापूर्वी बेटुवे मालवाहतूक मार्गाचे आणि जलद रेल्वेचे रूळ आपल्या मध्यातून जाऊ दिले होते. राष्ट्रहितासाठी सोसण्याची आपली पाळी होऊन गेली आहे, असे तेथील माणसाचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढणे सोपे नव्हते.

नगरपालिकेने २००९ मध्ये योजना फेटाळली. यावर सरकारने काय केले? शक्ती-प्रकल्पांसाठी स्थानिक संस्थांचे परवान्यांचे अधिकार केंद्राने आपल्याकडे घ्यावेत अशी तरतूद त्याच वर्षी अमलात आली होती. तिचा आधार घेऊन नोव्हेंबर २००९ मध्ये अर्थव्यवहारमंत्री मारिया व्हान डर हूवन आणि पर्यावरणमंत्री जॅकलिन क्रामर यांनी योजनेस मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात दोघी मंत्री गावात आल्या, तेव्हा सभागृहात त्यांना लोकांच्या रोषास तोंड द्यावे लागले. तज्ज्ञांचे अहवाल त्यांच्या हाती होते आणि ते खोटेही नसावेत. परंतु ज्या सभेत निर्णय आधीच झालेला असतो तिला विचारविनिमय म्हणत नाहीत, आणि लोकांना हा भेद समजावून सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. वर्षभराने नव्या सरकारचे मंत्री माक्सिम फरहाखन यांनी योजना रद्द केली. तीन वर्षांहून अधिक विलंब आणि स्थानिक पाठिंब्याचा संपूर्ण अभाव, ही त्यांनी दिलेली कारणे. २०११ च्या आरंभी उत्तर हॉलंडातील जमिनीखालच्या साठवणीचा विचारही सोडून देण्यात आला.

‘आमच्या दारात नको’ असे म्हणणाऱ्या स्वार्थी सुखवस्तूंचा हा विजय होय, अशी टीका तेव्हा झाली व आजही होते. तीत तथ्यांश नाही असे नाही. परंतु उत्तर हॉलंडातील ग्रोनिंगनकडे पाहावे. तेथील प्रचंड वायुक्षेत्रातून शेल आणि एक्सॉन यांच्या संयुक्त कंपनीने अर्धशतक वायू काढला. जमीन खचू लागली, भूकंपाचे धक्के बसू लागले. त्यांचा वायू काढण्याशी संबंध नाही असे लोकांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंग येथे ३.६ प्रतीचा धक्का बसला, हजारो घरांना तडे गेले, आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील उत्पादन थांबविण्यात आले. ज्यांनी काढताना सत्य सांगितले नाही ते भरताना सांगतील, असे मानणे हा भोळेपणा झाला असता. बारेंड्रेख्तचा नकार म्हणून निव्वळ स्वार्थ ठरत नाही. तो अनुभवावर आधारलेला अविश्वास होता.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. रॉटरडॅमच्या कारखान्यांचा वायू आता समुद्राखाली, किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवरील रिकाम्या वायुक्षेत्रांत न्यावयाचे ठरले. ‘पोर्थोस’ नावाच्या या प्रकल्पाचा अंतिम निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. वर्षाला पंचवीस लाख टन, पंधरा वर्षांत सुमारे तीन कोटी सत्तर लाख टन. वाहिनी व साठवण उभारणाऱ्या तिन्ही संस्था सार्वजनिक मालकीच्या: रॉटरडॅम बंदर, गासुनी आणि ईबीएन. वायू देणारे मात्र शेल, एक्सॉनमोबिल, एअर लिक्विड आणि एअर प्रॉडक्ट्स, आणि त्यांच्यासाठी सरकारने राखून ठेवलेले अनुदान दोन अब्ज युरोंहून अधिक. गावाने जागा बदलून घेतली. पैसा कोणाच्या खिशातून जावयाचा ते बदलले नाही. नागरिकांचा विजय तेथे अर्ध्यावर थांबला, कारण त्यांचे आंदोलन ‘कोठे’ या प्रश्नापुरते होते, ‘कोणाच्या खर्चाने’ हा प्रश्न त्यांनी पुढे नेला नाही.

आता ज्यांच्यापाशी ना नगरपालिका, ना वकील, ना वर्तमानपत्र, अशा माणसांचे काय होते ते पाहावयाचे तर अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जावे लागेल. याझू हा तेथील गरीब परगणा, कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला. त्यातील सटार्शिया या चिमुकल्या खेड्याजवळून डेनबरी कंपनीची चोवीस इंची नळवाहिनी जात होती. तिच्यातील कर्बवायू पृथ्वीच्या रक्षणासाठी पुरावयाचा नव्हता. जुन्या विहिरींतले उरलेसुरले तेल रेटून वर काढण्यासाठी तो वापरला जाई. (पकडलेल्या कर्बवायूचा मोठा भाग जगात आजवर याच कामी आला आहे, हे पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही.) २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी, अतिवृष्टीने टेकडीची माती सरकल्यामुळे, ही वाहिनी फुटली. कर्बवायू हवेपेक्षा जड. तो वर न जाता सखल भागात उतरला. माणसे गुदमरून पडू लागली. प्राणवायूच न मिळाल्याने मोटारींची इंजिने बंद पडली, त्यामुळे पळणेही कठीण. सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले, पंचेचाळीस जणांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. प्राणहानी झाली नाही, याचे श्रेय अंधारात धावून आलेल्या स्थानिक बचाव कामगारांना.

अमेरिकेच्या नळवाहिनी-सुरक्षा खात्याने २०२२ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. वायू फुटला तर तो कोठवर पसरेल याचा कंपनीने केलेला हिशेब तोकडा होता. सटार्शिया तिच्या धोक्याच्या नकाशातच नव्हते. आणि नकाशात नाही म्हणून तेथील बचाव यंत्रणेस काही कळविण्याचीही गरज तिला वाटली नव्हती. बारेंड्रेख्तचे लोक नकाशावर होते म्हणून वाद घालू शकले. सटार्शियाच्या लोकांना आपण धोक्यात आहोत हे श्वास कोंडल्यावर कळले. दोन्ही ठिकाणी वायू एकच, भौतिकशास्त्र एकच. फरक पडला तो माणसाच्या वजनात. जागा निवडताना भूगर्भाची परीक्षा होते असे म्हणतात; प्रत्यक्षात त्याआधी कोणाचा आवाज किती लांब जातो याची परीक्षा झालेली असते. १५ जानेवारी २०२५ रोजी या वाहिन्यांसाठी अधिक कडक नियमांचा मसुदा जाहीर झाला, आणि वॉशिंग्टनमध्ये सत्तांतर होताच काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला.

नियम असले म्हणजे भागते काय? इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीची साठवण अमेरिकेतील सर्वांत कडक परवान्याखाली, ‘सहाव्या वर्गाच्या’ विहिरीतून, २०१७ पासून चालू होती. अशा विहिरींसाठी मध्यवर्ती पर्यावरण खात्याचे विस्तृत नियम २०१० पासून आहेत. येथेही २०२४ मध्ये एका निरीक्षण विहिरीचा पोलादी नळ गंजून, ठरलेल्या थराबाहेर सुमारे आठ हजार टन द्रव गेल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे गळती व्हावी ती नेमकी पहारा ठेवण्यासाठी खोदलेल्या विहिरीतून! पिण्याचे पाणी दूषित झाले नाही हे खरे. परंतु गंज लागल्याचे कंपनीस मार्चमध्ये ठाऊक होते, आणि लोकांना ते वर्तमानपत्रांतून सप्टेंबरात कळले. मधल्या काळात, जुलै महिन्यात, इलिनॉयच्या गव्हर्नरांनी साठवणीसंबंधीच्या नव्या राज्य कायद्यावर सही केली होती. राज्यात चालू असलेल्या साठवणीत काय बिघडले आहे हे लोकांस ठाऊक नसताना त्यांच्या प्रतिनिधींनी कायदा केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच राज्याला मॅहोमेट या पिण्याच्या पाण्याच्या भूजलसाठ्यापुरती अशा साठवणीस बंदी घालावी लागली. माहिती दडविण्याचा अधिकार जोवर कंपनीपाशी राहतो, तोवर नियमांचे पुस्तक कितीही जाड असले तरी त्याचे वाचन नेहमी उशिरा होते.

मग येतो काळाचा प्रश्न. वायू भरावयाचा पंधरा-वीस वर्षे आणि राखावयाचा शतकानुशतके. कोणतीही कंपनी इतकी जगत नाही. सटार्शियाची वाहिनी फुटल्यानंतर चार वर्षांच्या आतच डेनबरी कंपनी एक्सॉनमोबिलच्या पोटात गेली. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार, विहीर बंद झाल्यावर साधारणतः वीस वर्षांनी जबाबदारी सरकारकडे जाते, आणि कंपनीने निदान तीस वर्षांच्या देखरेखीचा खर्च आधी भरावयाचा असतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात हे हस्तांतरण दहा वर्षांतच होऊ शकते. पहिल्या दहा वर्षांचे उत्तरदायित्व कंपनीचे आणि उरलेल्या अनंतकाळचे जनतेचे, या वाटणीला भागीदारी म्हणावयाचे असेल तर सावकार आणि कुळ हेही भागीदारच म्हटले पाहिजेत.

त्याच नॉर्थ डकोटात जागेच्या मालकीचा प्रश्नही मोठ्या खुबीने सोडविला आहे. खडकातील पोकळी ही वरच्या जमीनमालकाची, हे तत्त्व तेथे मान्य आहे. परंतु ६० टक्के मालकी असलेल्यांनी संमती दिली की उरलेल्यांनाही सामील करून घेता येते. येथे थोडे थांबावे. ६० टक्के माणसे नव्हेत, ६० टक्के जागा. पाच बड्या जमीनदारांनी होकार दिला तर पन्नास लहान शेतकऱ्यांचा नकार हिशेबात धरावयाचे कारण नाही. लोकशाहीत डोकी मोजतात. येथे एकरांना मत आहे.

भारतात या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी विचारलेले नाही, पण त्याचे तुकडे कायद्यात विखुरलेले आहेत. केरळातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, भूगर्भातील संपत्ती आपोआप सरकारची होते असा कोणताही कायदा नाही. सामान्यतः ती वरच्या जमिनीच्या मालकीबरोबर जाते. हा निर्णय खनिजांविषयीचा होता. रिकाम्या पोकळीला तो लागू पडतो काय, हे पुढे वकील ठरवितील. पण शेतकऱ्याच्या बाजूने हे एक हत्यार आहे, आणि ते बोथट करण्याची वाटही तयार आहे. १९६२ चा पेट्रोलियम व खनिज नळवाहिन्यांचा कायदा जमीन संपादन न करता केवळ ‘वापराचा हक्क’ घेतो आणि त्यापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के देतो. उद्या कर्बवायूसाठी त्याच धर्तीवर जमिनीच्या पोटाचा वापरहक्क घेतला गेला तर नवल वाटावयास नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आहे. परंतु ती संपादन होणाऱ्या जमिनीपुरती. वायू सोडणाऱ्या विहिरीला वर चार-पाच एकर पुरतात. खाली तो वायू कित्येक गावांच्या शिवारांखाली पसरतो. कायदा वरून मोजील, वायू खालून पसरेल.

शिवाय नुसत्या मालकीहक्काची ढाल पुढे करणे समाजवादी विचाराच्या माणसास पुरेसे वाटू नये. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो शेतमजूरही त्याच विहिरीचे पाणी पितो. मोबदला सातबारावाल्यास मिळेल, धोका मात्र दोघांना समान. म्हणून संमतीचा हक्क जमिनीला चिकटवून न ठेवता वस्तीला दिला पाहिजे, म्हणजेच ग्रामसभेला. आणि एका ग्रामसभेला नव्हे, वायू जेथवर पसरण्याचा संभव आहे तेथवरच्या सर्व ग्रामसभांना.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध उघड आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे आणि त्या खडकात कर्बवायूचे दगड होऊ शकतात, हे आइसलँडमधील कार्बफिक्स प्रयोगाने दाखवून दिले आहे. २०१२ मध्ये तेथे सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे यश खरेच थक्क करणारे आहे. परंतु त्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवून सोडावा लागतो, आणि टनभर वायूस सुमारे पंचवीस टन पाणी लागते. आइसलँडला पाण्याची ददात नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या गावाला हे गणित कोण समजावून सांगणार? अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये पाण्याविना सुमारे हजार टन वायू बेसॉल्टमध्ये सोडून पाहिला गेला, आणि तेथेही खनिजे तयार झालेली आढळली. पण हजार टन म्हणजे मोठ्या औष्णिक केंद्राचा जेमतेम तासाभराचा धूर. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. शेतकऱ्याची साठ मीटर खोली कायद्याला दिसते. किलोमीटरभर खोल जाणाऱ्या वायूच्या विहिरीसाठी मात्र कायद्यात अजून शब्दच नाही.

आणि कोयना? भूगर्भातील दाब बदलला की काय होते, हे महाराष्ट्राला हॉलंडकडून शिकावयाचे कारण नाही. शिवाजीसागर भरल्यानंतर काही वर्षांतच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ज्या भागात मोठ्या भूकंपाची कोणास कल्पना नव्हती तेथे सहाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयामुळे भूकंप उद्भवण्याचे जगातील ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. त्याच्या अभ्यासासाठी तेथे पुढे तीन किलोमीटर खोल वेधविवर खोदले गेले. धरण व वायुसाठवण या एक गोष्टी नव्हेत, आणि कोयनेचे नाव घेऊन लोकांना भिवविणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कोणत्याही प्रस्तावित जागेचा भूकंपविषयक अभ्यास कंपनीच्या पैशाने कंपनीच्याच सल्लागाराने करावा, ही पद्धत कोयनेच्या राज्यात तरी मान्य होता कामा नये.

पुरोगामी वर्तुळात या विषयावर दोन टोके दिसतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे भांडवलदारांचे थोतांड, चर्चाच नको. दुसरा म्हणतो, विज्ञान आहे, रोजगार येईल, अडवू नये. दोघेही एक साधा भेद करीत नाहीत. सिमेंट तयार होताना निघणाऱ्या कर्बवायूचा मोठा भाग इंधनातून येत नाही, चुनखडीच भाजताना तो सोडते. भट्टी सूर्यावर चालविली तरी तो निघणारच. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांच्या कामगाराला कारखाना बंद करा असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणास नाही, आणि तेथे वायू पकडून पुरण्यास खरोखरच अर्थ आहे. कोळशावरच्या विजेची गोष्ट वेगळी. तिला पर्याय आहेत, आणि तेथे ‘पुढे केव्हातरी वायू पुरू’ हे आश्वासन म्हणजे आज नवे केंद्र बांधण्याचा परवाना ठरतो. आश्वासन पाळण्याचा दिवस उजाडेपर्यंत धूर हवेत आणि राख शेतात. साठवणीच्या जागा मर्यादित आहेत. त्या कोणत्या धुरासाठी राखावयाच्या हे सार्वजनिक नियोजनाने ठरले पाहिजे. बाजारावर सोपविले तर जो अधिक अनुदान मिळवील त्याचा धूर आधी पुरला जाईल.

तेव्हा कायदा होईल त्यात काय असावे याचा आग्रह आतापासून धरला पाहिजे. जागांची निवड कंपनीने नव्हे, सार्वजनिक भूगर्भ संस्थांनी करावी, आणि नाकारलेल्या जागांची कारणेही छापली जावीत. देखरेखीची मोजमापे, दाब, गंज, धक्के, हे सारे मिळाल्याबरोबर लोकांच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. ‘व्यापारी गुपित’ हा शब्द या कायद्यात नसावा. देखरेखीचा निधी वायू सोडण्याआधी जमा व्हावा, आणि कंपनी विकली गेली तरी उत्तरदायित्व विकत घेणाऱ्याच्या मानेवर जावे. नळवाहिनीच्या वाटेवरील प्रत्येक वस्तीला, मग ती नकाशात असो वा नसो, धोक्याची सूचना व बचावाचे साहित्य मिळावे. त्यात प्राणवायूचे नळकांडे असावे, कारण सटार्शियात बंद पडलेल्या मोटारींचा तो धडा आहे.

पकरी बरवाडीह हे हजारीबाग जिल्ह्याच्या बडकागाव भागात येते. त्याच खाणीसाठी चाललेल्या भूसंपादनाविरुद्ध १ ऑक्टोबर २०१६ रोजी चिरूडीह येथे झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात चार माणसे मारली गेली. ज्या मातीवर हे घडले तिच्या पोटात देशातील पहिली चाचणी विहीर जात आहे. त्या विहिरीतून निघणाऱ्या खडकांच्या नमुन्यांचा अहवाल दिल्लीच्या कचेऱ्यांत जाण्याबरोबरच बडकागावच्या ग्रामसभांत हिंदीत वाचून दाखविला जावा आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांना लेखी उत्तरे मिळावीत, ही मागणी करावयास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.